फुप्फुसीय उच्च रक्तदाबाचे प्राणि-प्रयोग : निष्कर्ष कसे वाचावेत?

श्रमाने वाढणारा श्वास, भोवळ, छातीत धडधड व पायांवर शोथ ही लक्षणे असलेल्या रुग्णात फुप्फुसीय उच्च रक्तदाब असू शकतो. विश्रांतीच्या अवस्थेत फुप्फुसधमनीतील सरासरी दाब पाऱ्याच्या 20 मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास आज हे निदान केले जाते. पूर्वी ही मर्यादा 25 होती. या व्याधीत सूक्ष्म धमन्यांच्या भित्ती जाड होतात, पोकळी अरुंद होते व हृदयाचा उजवा भाग हळूहळू थकतो. रुग्णाच्या फुप्फुसातील हे बदल टप्प्याटप्प्याने पाहणे शक्य नसल्याने संशोधक प्राण्यांत तशी अवस्था निर्माण करतात. पुढील तीन पद्धती विशेष प्रचलित आहेत.

१) मोनोक्रोटालीन : खुळखुळ्याच्या, म्हणजे क्रोटालेरिया प्रजातीच्या काही वनस्पतींत आढळणारे हे विषारी अल्कलॉइड होय. पांढऱ्या उंदराला दर किलो वजनास सुमारे 60 मिलिग्रॅम या प्रमाणात ते एकदाच टोचतात. यकृतातील विकरांमुळे त्याचे तीव्र विषात रूपांतर होते व ते फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर दुखावते. तीन ते चार आठवड्यांत दाब वाढतो. पद्धत स्वस्त व सुलभ आहे. परंतु यकृत व हृदयासही इजा होते, आणि मानवी रुग्णात दिसणारी धमन्यांची जाळीदार विकृती येथे सहसा आढळत नाही.

२) प्राणवायूची न्यूनता : उंदरांना सुमारे 10 टक्के प्राणवायू असलेल्या हवेत काही आठवडे ठेवतात. विकृती सौम्य असते व नेहमीच्या हवेत आणल्यावर बरीचशी ओसरते. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या उंच कुरणांवरील गुरांत हा विकार निसर्गतः होतो. त्याची नोंद 1915 साली झाली.

३) सुजेन व अल्प प्राणवायू : 2001 साली पुढे आलेल्या या पद्धतीत रक्तवाहिन्यांच्या वाढीचा संकेत रोखणारे द्रव्य देऊन उंदरांना अल्प प्राणवायूत ठेवतात. नेहमीच्या हवेत आणल्यानंतरही व्याधी वाढत जाते व कालांतराने मानवासारखी जाळीदार विकृती दिसते.

वाचताना काय पाहावे?

पहिला प्रश्न असा, की औषध कोणत्या दिवशी सुरू केले? मोनोक्रोटालीनसोबतच औषध दिले असेल, तर त्या औषधाने यकृतातील विकरांना अडवून विष तयारच होऊ दिले नाही, अशीही शक्यता उरते. तो विषापासून बचाव झाला. व्याधीची चिकित्सा नव्हे. दाब वाढल्यावर, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी दिलेल्या औषधाचा गुण अधिक मोलाचा. दुसरा प्रश्न, निष्कर्ष एकाच पद्धतीत मिळाला की दुसरीतही? तिसरा, दाब प्रत्यक्ष मोजला का, व किती उंदीर जगले?

एवढे करूनही मनुष्यात तोच गुण येईल असे नाही. सिमवास्टॅटिनने उंदरांत उत्तम परिणाम दाखविला. रुग्णांवरील चाचण्यांत मात्र टिकाऊ लाभ दिसला नाही. इमॅटिनिबने रुग्णांचे चालणे सुधारले, पण गंभीर दुष्परिणामांमुळे ते रूढ झाले नाही. उलट सोटॅटरसेप्ट हे प्राणि-प्रयोगांतून पुढे येऊन रुग्णांतही उपयुक्त ठरले व 2024 साली अमेरिकेत संमत झाले. प्राणि-प्रयोग दिशा दाखवितात, निर्णय देत नाहीत.

अर्जुनसालीवरही मोनोक्रोटालीन दिलेल्या उंदरांत अभ्यास झाले आहेत. त्यांचे स्वागतच आहे. परंतु तेवढ्या आधारावर ‘फुप्फुसीय उच्च रक्तदाबावर सिद्ध औषध’ असे वेष्टनावर छापणे योग्य नव्हे. असा दावा वाचून रुग्णाने सिल्डेनाफिल अथवा बोसेंटान स्वतःहून बंद केल्यास प्राणावर बेतू शकते.

औषधनिर्मात्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. 1970 च्या दशकात सरगुजा भागात धान्यात मिसळलेल्या क्रोटालेरियाच्या बियांमुळे अनेकांना घातक यकृतविकार जडला होता. शणपुष्पी याच प्रजातीतील मानली जाते. म्हणून या प्रजातीचा कच्चा माल घेताना वनस्पतीची नेमकी जाती निश्चित करावी, अल्कलॉइडची तपासणी करून घ्यावी व खात्री नसलेला माल परत करावा. प्रयोगशाळेत ज्या विषाने व्याधी निर्माण करतात, ते आपल्या चूर्णात नसावे, एवढी दक्षता आपल्याच हाती आहे.