द्राक्षातील कीडनाशक अंशांची तपासणी : नमुना सोडणाऱ्या व्हॉल्व्हची हाताळणी व निगा

निर्यातीच्या द्राक्षात कीडनाशकाचा किती अंश शिल्लक आहे, यावर बागायतदाराचे वर्षभराचे कष्ट अवलंबून असतात. युरोपीय संघात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्यास किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. म्हणजेच १०० टन द्राक्षांत केवळ १ ग्रॅम! एवढा सूक्ष्म अंश मोजताना द्रव क्रोमॅटोग्राफी यंत्रातील एका छोट्या व्हॉल्व्हची निगा फार महत्त्वाची ठरते. शेतकरी गटांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुणांना आणि अहवाल वाचणाऱ्या बागायतदारांना ही माहिती उपयोगी पडेल.

रचना व कार्य : या व्हॉल्व्हला सहा तोंडे व एक बारीक नळीचे वेटोळे असते. 'भरणे' या स्थितीत द्राक्षाचा अर्क वेटोळ्यात भरला जातो व पंपाचा द्रव परस्पर पुढे जातो. 'सोडणे' या स्थितीत तोच द्रव वेटोळ्यातून वाहतो व अर्क स्तंभाकडे नेतो. स्वयंचलित यंत्रातही साधारणपणे हेच तत्त्व वापरतात.

हाताळणी :
१) अर्क ०.४५ किंवा ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळूनच वापरावा.
२) हाताने भरावयाच्या व्हॉल्व्हसाठी सपाट टोकाचीच सुई वापरावी. टोकदार सुईने आतील चकतीवर ओरखडे पडतात.
३) २० मायक्रोलिटरचे वेटोळे पूर्ण भरण्यासाठी ६० ते १०० मायक्रोलिटर अर्क ढकलावा. नळीच्या कडेचा जुना द्रव सावकाश हलतो, म्हणून जादा अर्क लागतो.
४) दांडा एका दमात फिरवावा. ठिबक संचात आपण पुढचा व्हॉल्व्ह उघडून मगच आधीचा बंद करतो. येथे मात्र दांडा मध्येच थांबल्यास प्रवाह अडून दाब वाढतो.

निगा : क्षारयुक्त द्रव वापरला असल्यास काम संपताच व्हॉल्व्ह प्रथम पाण्याने व नंतर मिथेनॉल-पाण्याच्या मिश्रणाने धुवावा. एकदम शुद्ध सेंद्रिय द्रावक सोडल्यास क्षाराचे खडे बनून चकती खराब होते. सुईच्या तोंडातून किंवा निचरा नळीतून पंप चालू असताना सतत गळती होत असल्यास चकती झिजल्याची शक्यता असते. अशा वेळी पंप बंद करून दाब शून्यावर आणावा, चकती तपासावी व गरजेनुसार बदलावी. केवळ नट आवळत राहू नये.

मागील नमुन्याचा अंश : समजा, आधीच्या नमुन्यात किलोमागे २ मिलिग्रॅम अंश होता व त्याचा अवघा अर्धा टक्का व्हॉल्व्हमध्ये राहिला. तर पुढील स्वच्छ नमुन्यातही ०.०१ मिलिग्रॅम अंश दिसेल. एकाच्या बागेतील औषध दुसऱ्याच्या अहवालात येईल! म्हणून जास्त अंशाच्या नमुन्यानंतर निव्वळ द्रावक सोडून पाहावे. त्यातही तेच औषध दिसल्यास व्हॉल्व्ह, सुई व वेटोळे धुवून घ्यावे आणि द्रावक स्वच्छ आल्यावर संशयित नमुना पुन्हा तपासावा. अंश नाहीसा झाला तर तो यंत्रातील होता; तेवढाच राहिला तर तो अर्कातच आहे, असे समजावे.

न वापरलेले औषध अहवालात आढळल्यास बागायतदारांनी ही फेरतपासणी झाली काय, हे प्रयोगशाळेस अवश्य विचारावे. त्यासाठी आपली फवारणीची नोंदवही तारीखवार पूर्ण असावी व काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी काटेकोरपणे पाळलेला असावा.