अबोल मूल : स्वभावातील जनुकांचा वाटा

गेली पंचवीस वर्षे बालरुग्ण तपासताना ताप, खोकला, जुलाब यांच्या जोडीने एक तक्रार मी सातत्याने ऐकत आले आहे. ‘‘घरी पोपटासारखा बोलतो हो, पण चारचौघांत तोंड उघडत नाही.’’ तक्रार मुलाची असते, बोट मात्र बहुधा आईकडे असते. तिने पदराखाली ठेवले, माणसांत मिसळू दिले नाही, असे घरची वडीलधारी मंडळी तिच्यासमोरच सांगतात. या दोषारोपात तथ्य किती आणि अशा मुलासाठी आपण काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अलिप्तता : एक शब्द, तीन मुले

सामाजिक अलिप्तता हा रोग नव्हे. ते वर्तनाचे वर्णन आहे. एक मूल एकट्याने चित्रे काढण्यात मनापासून रमते. दुसऱ्याला खेळावेसे वाटते, पण भीती पाऊल अडवते. तिसऱ्याला इतर मुलांनीच दूर लोटलेले असते. पहिल्याची बहुधा काळजी नको, तिसऱ्यासाठी शाळेत चौकशी हवी आणि दुसऱ्याकडे डॉक्टरांचे लक्ष हवे.

हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना हलती खेळणी, अनोळखी आवाज, निराळे वास असे नवे अनुभव दिले. सुमारे २० टक्के बाळे हातपाय झाडून रडू लागली. सुमारे ४० टक्के शांत राहिली. पहिल्या गटातील मुले दुसऱ्या वर्षी परक्यांपुढे अधिक बुजताना दिसली, मात्र सर्वच पुढे बुजरी राहिली नाहीत. २००३ साली कार्ल श्वार्ट्झ, केगन प्रभृतींनी दुसऱ्या वर्षी बुजरी म्हणून नोंदलेल्या मुलांचा मेंदू तरुणपणी एफएमआरआयने तपासला. अनोळखी चेहरे पाहताना त्यांच्यातील अमिग्डाला हे भीतीशी निगडित केंद्र अधिक उद्दीपित होत होते.

जुळ्यांची साक्ष

एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. द्विबीज जुळ्यांची इतर भावंडांइतकीच. म्हणून या दोन प्रकारच्या जोड्यांतील साम्याची तुलना केली की जनुकांचा वाटा अजमावता येतो. नेदरलँड्समधील १४,८८९ कुटुंबांतील जुळ्यांचा असा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ३, ७, १० आणि १२ व्या वर्षी आई व वडील या दोघांकडूनही प्रश्नावली भरून घेतली होती. अलिप्ततेतील फरकांमागे आनुवंशिक वाटा मुलग्यांत ५० ते ६६ टक्के, तर मुलींत ३८ ते ६४ टक्के आढळला. दोन्ही जुळ्यांना सारखाच लाभणाऱ्या घरच्या वातावरणाचा वाटा ० ते २४ टक्के इतकाच होता. प्रत्येक मुलाच्या स्वतंत्र अनुभवांचा, म्हणजे त्याचे मित्र, वर्ग, शिक्षक, आजारपण यांचा वाटा मात्र तिसऱ्या वर्षीच्या २२-२८ टक्क्यांवरून बाराव्या वर्षी ३५-४१ टक्क्यांवर गेला.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. ५० टक्के म्हणजे ‘माझ्या मुलाचा निम्मा बुजरेपणा जनुकांचा’ असे नव्हे. हा आकडा समूहातील व्यक्तिव्यक्तींमधील फरकांविषयी आहे. शिवाय आनुवंशिक म्हणजे अटळ नव्हे. उंचीवर जनुकांचा पगडा याहूनही मोठा आहे. तरीही पोषण सुधारले की पुढची पिढी उंच होते. ‘खाण तशी माती’ ही म्हण येथे अर्धीच खरी ठरते.

जनुक कोणते?

एकच ‘लाजाळूपणाचे जनुक’ नाही. १९९६ साली सेरोटोनिन वाहक जनुकाचा चिंताळू स्वभावाशी संबंध वर्तवला गेला, पण पुढील मोठ्या अभ्यासांत अशा एकेकट्या जनुकांवरील भिस्त टिकली नाही. अनेक जनुकांचा अल्प-अल्प प्रभाव एकत्र येतो, हेच आजचे चित्र आहे. म्हणून केवळ बुजरेपणासाठी जनुकीय चाचणी करवून पालकांना खर्चात पाडू नये.

अपवाद बोलके आहेत. सातव्या गुणसूत्रावरील ७क्यू११.२३ हा तुकडा गळाला तर विल्यम्स सिंड्रोम होतो आणि मूल परक्यांशीही अतिसलगीने वागते. तोच तुकडा दुप्पट झाला तर बोलणे उशिरा येते आणि सामाजिक भीती बळावते. फ्रॅजाइल एक्समध्ये मूल नजर चुकवते. अलिप्ततेसोबत विकासातील दिरंगाई, वेगळी चेहरेपट्टी वा कुटुंबात मतिमंदत्व असेल, तरच या तपासण्यांकडे वळावे.

आपण काय करावे?

व्यवसायबंधूंना विनंती, की ‘मोठा झाला की सुधारेल’ असे म्हणण्यापूर्वी श्रवणतपासणी करावी. नावाला प्रतिसाद, बोटाने दाखवणे, नजरानजर यांत उणीव असल्यास स्वमग्नतेची चाचणी विनाविलंब करावी. आलेली कौशल्ये गमावत असेल तर तेथे थांबूच नये. घरी बोलणारे मूल शाळेत महिन्याहून अधिक काळ मुके राहिले, तर निवडक मौनाचा विचार करावा. शाळेचा पहिला महिना मात्र यात धरू नये. आपल्या बेळगावात घरी मराठी, शेजारी कानडी आणि शाळेत इंग्रजी अशी तिहेरी कसरत मूल करते. नवी भाषा कानावर मुरेपर्यंतची शांतता हा आजार नव्हे. ‘घरीही इंग्रजीच बोला’ हा सल्ला त्याची एकमेव मोकळी भाषाही हिरावतो.

पालकांसाठी उपाय साधे आहेत. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील रॉन रॅपी यांनी २००५ साली १४६ बुजऱ्या बालकांच्या अभ्यासात निम्म्या पालकांना सहा बैठकांचे प्रशिक्षण दिले. वर्षभरानंतर त्या मुलांत चिंताविकार कमी आढळले. सूत्र असे : अतिसंरक्षण कमी करावे, भीतीला पायरीपायरीने सामोरे जाऊ द्यावे. मुलाच्या वतीने उत्तर देऊ नये. त्याला दहा क्षण द्यावेत. पाहुण्यांसमोर ‘हा लाजतो’ असा शिक्का मारू नये. गणेशोत्सवात थेट रंगमंचावर ढकलण्यापूर्वी आरतीत एका मित्राशेजारी टाळ वाजवू द्यावा, मग गटात गाऊ द्यावे. आईवडील स्वतः बुजरे असल्यास मुलाला जनुकेही त्यांचीच मिळतात आणि घराचा बंद दरवाजाही. पहिले बदलता येत नाही, दुसरा उघडता येतो.

आईला दोष देणे अशास्त्रीय आहे आणि ‘स्वभावच तो’ म्हणून सोडून देणे तितकेच. जनुके मुलाची सुरुवात ठरवतात. मुक्काम ठरवण्यात घर, शाळा आणि आपण डॉक्टर असे सर्वच वाटेकरी आहोत. अबोल मुलाला बडबड्या करणे हे आपले उद्दिष्ट नाही. बोलावेसे वाटेल तेव्हा त्याला भीती आडवी येऊ नये, एवढेच पुरे.