करडईचा फुलोरा आणि माव्यावरील फवारणी

यंदा ढगाळ हवेमुळे उशिरा पेरलेल्या करडईवर माव्याने जे ठाण मांडले आहे, त्याच्या धास्तीने दिसेल ते औषध पंपात ओतणाऱ्या, आणि त्याच पिकाच्या पाकळ्या औषधी बाजारासाठी वेचण्याचा बेत केलेल्या शेतकऱ्यांना मला निक्षून सांगावेसे वाटते की, फुले उमलल्यावर केलेली फवारणी पाकळीतून काढून टाकण्याचा कोणताही घरगुती उपाय अस्तित्वात नाही.

करडईच्या पाकळीत दोन रंगद्रव्ये मुख्य आहेत: पाण्यात सहज विरघळणारी पिवळी, ज्यांवर तिची औषधी योग्यता बहुतांशी अवलंबून आहे, आणि थंड पाण्यात न विरघळणारे, वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असलेले तांबडे कार्थामिन, जे क्षारात सुटते व आम्ल घालताच पुन्हा खाली बसते. प्रयोगशाळेत प्रकाशशोषणावरून पिवळे सुमारे ४०३ आणि तांबडे सुमारे ५२० नॅनोमीटरवर मोजले जाते, आणि विषाचा अंश स्वतंत्रपणे तपासला जातो.

एका गृहस्थांनी फुलोऱ्यात आंतरप्रवाही औषध मारून नंतर पाकळ्या पाण्यात खळखळून धुतल्या, आणि तेवढ्याने समाधान न होऊन सोड्याच्या पाण्यातही बुडविल्या; परिणामी पहिल्या धुण्यात पिवळे गेले, दुसऱ्यात तांबडे गेले, आणि पेशींत मुरलेले विष मात्र राहिले. माल परत आल्यावर त्यांनी खरेदीदाराविरुद्ध तक्रार दाखल केली. तंबाखूचा काढा निरुपद्रवी मानणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे की निकोटीन हेही विषच आहे.

मावा आधी बांधाकडच्या ओळींवर उतरून मग आत सरकतो. म्हणून कळ्या मिटलेल्या असतानाच कडेचा दोनेक मीटरचा पट्टा फवारला, तर ढालकिडे वाचतात आणि सबंध शेत विषात न्हाऊ घालण्याची पाळी सहसा येत नाही. फुले उमलल्यावर प्रादुर्भाव अनावर झालाच, तर बी वाचवावे, मधमाश्यांची वर्दळ थांबल्यावर सायंकाळी फवारावे आणि त्या तुकड्यातील पाकळ्यांची आशा बिलकुल सोडावी. न फवारलेल्या तुकड्यातील पाकळ्या कोमेजून लालसर झाल्यावर वेचाव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि वेगळ्या पोत्यात भराव्यात. तपासणीस नमुना धाडताना शेताचा तुकडा, वेचणीची तारीख आणि हंगामात वापरलेल्या प्रत्येक औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहावे, म्हणजे कोणता अंश शोधावयाचा हे तपासनीसास कळेल.