ख्मेर लोकांच्या कला आणि त्यांची गुरुपरंपरा

आपल्या घरी कोणत्याही पूजेच्या आरंभी जो संकल्प सोडला जातो, त्यात शकाचा उच्चार असतो. हीच शकगणना एके काळी समुद्रापलीकडे, मेकाँग नदीच्या काठी राहणारे ख्मेर लोकही आपल्या शिलालेखांत वापरीत, ही गोष्ट आपल्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळांस नवी वाटेल. सांबोर येथील शिलालेखावर शके ६०५, म्हणजे इसवी सन ६८३, हे वर्ष अंकांत कोरलेले असून त्यातील शून्य एका ठिपक्याने दाखविले आहे. शून्याच्या सर्वांत जुन्या ज्ञात कोरीव खुणांत तिची गणना होते. अशा या लोकांच्या कलांचा आणि त्या कला ज्या परंपरेने टिकल्या तिचा थोडक्यात परिचय करून घ्यावा, असे आम्ही योजिले आहे.

ख्मेर हे आजच्या कंबोडियातील बहुसंख्य लोक होत. त्यांच्या प्राचीन राजधानीचे ‘आंगकोर’ हे नाव आपल्या ‘नगर’ या शब्दाचेच रूपांतर आहे. देवळाला ते ‘प्रासात’ म्हणतात, तो आपला ‘प्रासाद’. आणि गुरूला ‘क्रू’ म्हणतात. परंतु एवढ्यावरून ख्मेर ही संस्कृतोद्भव भाषा आहे असे कोणी समजू नये. तिचे कूळ ऑस्ट्रो-आशियाई असून त्याच कुळातील कोरकू भाषा मेळघाटात आणि आपल्या मध्यप्रदेशातील बैतूल, खंडवा या जिल्ह्यांत आजही बोलली जाते. म्हणजे ख्मेर लोकांशी आपल्या भूमीचे नाते दोन वाटांनी जुळते. एक वाट राजसभेतील पंडितांच्या संस्कृताची, तर दुसरी सातपुड्यातील आदिवासींच्या बोलीची. पहिली वाट आपण अभिमानाने सांगतो. दुसरीचा मात्र आपणास बहुधा विसर पडतो.

आता त्यांच्या शिल्पकलेकडे वळू. शके ८८९ म्हणजे इसवी सन ९६७ मध्ये यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांतेय स्रेई येथील शिवमंदिराची प्रतिष्ठापना केली. तांबूस वालुकाश्मात लाकडावर करावे तसे नाजूक कोरीवकाम तेथे आहे. रावण कैलास पर्वत हलवीत आहे, हा वेरूळच्या कैलास लेण्यातील प्रसंग तेथेही आढळतो. मात्र वेरूळचा रावण खालच्या अंधारातून बळ लावताना दिसतो, तर ख्मेर शिल्पकाराने पर्वताच्या पायऱ्यापायऱ्यांवर भयभीत ऋषी आणि पशू बसविले आहेत. पुढे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मा याने आंगकोर वाट हे विष्णुमंदिर उभारले. त्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर कुरुक्षेत्र आणि लंका येथील युद्धे कोरली असून समुद्रमंथनाचा पट एकट्याच सुमारे ४९ मीटर लांबीचा आहे.

हे सारे वाचून ‘हे तर आपलेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. ख्मेर लोकांनी जे घेतले, ते आपल्या मातीत रुजवून वेगळे वाढविले. त्यांच्या रामकथेस ‘रामकेर’ म्हणजे रामकीर्ती असे नाव आहे. सेतू बांधला जात असता मासे त्याचे दगड पळवून नेतात. त्या माशांची राणी सुवर्णमत्स्या ही रावणाची कन्या असून हनुमंताशी तिची गाठ पडते व वैराचे प्रेमात रूपांतर होते. वाल्मीकींच्या रामायणात ही कथा नाही. ख्मेर लोक तर आज शेकडो वर्षे बौद्ध आहेत. तरीही रामकथेवाचून त्यांचे नृत्य नाही, नाट्य नाही आणि छायाखेळही नाही.

या छायाखेळास ‘स्बेक थोम’, म्हणजे थोरले चामडे, असे म्हणतात. अखंड चामड्याच्या एका तुकड्यात आकृती कोरून तिला दोन बांबूंच्या काठ्या जोडतात. काही आकृती दोन मीटर उंच असतात. मोकळ्या जागी रात्री पांढरा पडदा ताणून त्यामागे मोठा जाळ पेटवितात आणि ती आकृती डोक्यावर धरून खेळ करणारा स्वतः नाचतो. जवळच बसलेले निवेदक कथा सांगतात व वाद्यवृंद साथ देतो. शिव आणि विष्णू यांच्या आकृतींसाठी नैसर्गिक वा अपघाती मृत्यू आलेल्या गाईचेच चामडे घ्यावे व त्या एकाच दिवसात पूर्ण कराव्यात, असा तेथील दंडक आहे. खेळापूर्वी गुरूंस वंदन होते. राजसभेतील नृत्यांगनाही गुरुवंदनेवाचून पाऊल टाकीत नाहीत, आणि या वंदनासाठी त्यांचा दिवसही गुरुवारच असतो.

असे काही आपल्याकडे आहे काय, असे वाचक विचारतील. होय, आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाची मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आणि चित्रकथी या कला पिढ्यानुपिढ्या सांभाळीत आली आहेत. चित्रकथीत कागदावर रंगविलेल्या चित्रांची ‘पोथी’ असते. एकेक चित्र पुढे धरून वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान गावयाचे, ही तिची रीत. सावंतवाडीच्या राजघराण्याचा या कलेस आश्रय होता. तो ओसरल्यावर कला क्षीण झाली. पण परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभे करून ती जपली, आणि २०२१ साली त्यांस पद्मश्री मिळाली. पिंगुळीच्या बाहुल्या ख्मेर आकृतींहून लहान आहेत. त्या कोठून कोठे गेल्या, हा वाद येथे नको. दीप, पडदा, चामडे आणि रामकथा ही सामग्री मात्र दोन्हीकडे एकच आहे.

आता या विषयातील सर्वांत दुःखद भाग सांगणे प्राप्त आहे. १७ एप्रिल १९७५ रोजी ‘ख्मेर रूज’ नावाच्या पक्षाने कंबोडियाची सत्ता बळकावली. जानेवारी १९७९ पर्यंतच्या पावणेचार वर्षांत उपासमार, सक्तीचे कष्ट आणि हत्या यांमुळे सुमारे १५ ते २० लक्ष लोक प्राणास मुकले. जुने ते सर्व नष्ट करावयाचे, हे त्या राजवटीचे धोरण होते. त्यात राजनर्तिका, वादक व छायाखेळाचे गुरू यांतील बहुसंख्य मंडळी नाहीशी झाली.

देवळांचे दगड त्यानंतरही उभे होते. त्यांची डागडुजी बाहेरून येऊनही करता आली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८६ ते १९९३ या काळात आंगकोर वाट येथे जतनाचे काम केले. परंतु नृत्य हे दगडात नसते. भिंतीवरील अप्सरा एकच मुद्रा दाखविते. त्या मुद्रेपूर्वी हात कसा वळला आणि नंतर कोठे गेला, हे ज्या देहाने शिकले त्यालाच ठाऊक असते. अंकुर, पान, फूल, फळ असा क्रम बोटांनी दाखविण्यासाठी ख्मेर मुली लहानपणापासून बोटे मागे वाकविण्याचा सराव करतात, आणि तो गुरूच्या हाताखालीच होतो.

सुदैवाने काही गुरू वाचले होते. त्यांत चिया सामी या वृद्ध राजनर्तिका होत्या. ज्याच्या आज्ञेने हा संहार झाला, तो पोल पोट त्यांचा सख्खा धाकटा दीर. बालपणी तो त्यांच्याच घरी राहिलेला. अशा या बाईंनी १९७९ नंतर उरलेल्या सहकाऱ्यांसह आठवेल ते एकत्र केले. एकीला एक भाग, दुसरीला दुसरा, असे जुळवीत त्यांनी नृत्य पुन्हा उभे केले व अनाथ मुलींस ते शिकविले. १९९४ साली त्या वारल्या, तेव्हा शिष्यांची नवी पिढी तयार झाली होती. युनेस्कोने २००३ साली ख्मेर राजनृत्याचा व २००५ साली स्बेक थोमचा जागतिक ठेवा म्हणून गौरव केला.

यातून आपण घ्यावयाचा बोध आमच्या मते असा. पोथी कपाटात राहिली म्हणजे परंपरा राहिली, असे नव्हे. वैनगंगेच्या या काठी आपल्या घरांतून आजीच्या ओव्या आहेत, भजनी मंडळाच्या जुन्या चाली आहेत, शेजारच्या झाडीपट्टीत दंडार आहे. त्यांवर कोणी अत्याचार केलेला नाही; तरीही ऐकणारा व शिकणारा नसेल, तर त्या निमूटपणे जातील. ख्मेर गुरूंस जे प्राण वाचल्यावर करावे लागले, ते आपणास सुखाच्या दिवसांत करता येते. प्रत्येक सभासद कुटुंबाने घरातील एका वृद्ध व्यक्तीपाशी एक मूल आठवड्यातून एक दिवस शिकावयास बसवावे, एवढीच आमची विनंती आहे. दिवस गुरुवारचा असल्यास अधिक उत्तम.