हिपॅटायटिस सी : अहवाल येईपर्यंत काय करावे, काय करू नये



या सदरात आम्ही दरमहा बेणे, खते, पाणी आणि कीड-रोग यांविषयी लिहीत असतो. या अंकासाठी खोडव्याची निगा हा विषय ठरला होता. तो पुढच्या अंकासाठी राखून ठेवला आहे. या वेळीही विषय रोगाचाच आहे, पण तो उसाच्या नव्हे, माणसाच्या रोगाचा. शेतकी खात्याच्या माणसाने दवाखान्याच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण आधी सांगतो.

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी कार्यस्थळावर रक्तदान शिबिर झाले, हे आपणांस ठाऊक आहेच. शिबिराची व्यवस्था आमच्याकडे असते आणि त्या धावपळीत स्वतः रक्त द्यायचे दरवर्षी राहून जाते. यंदा गटातल्या तरुण पोरांनी धरलेच. “साहेब, आम्हाला सांगता, तुम्ही कधी झोपणार त्या पलंगावर?” म्हणाले. झोपलो. तीन आठवड्यांनी एका फडात ब्रिक्स घेत उभे असताना रक्तपेढीतून फोन आला, “आपण एकदा समक्ष येऊन जा.” तिथे गेल्यावर समजले, की आमच्या रक्ताची हिपॅटायटिस सी या रोगाची चाचणी ‘रिॲक्टिव्ह’ आली आहे. दिलेले रक्त अर्थातच बाजूला काढून नष्ट केले होते.

आमचा पुढचा अहवाल अजून यायचा आहे. या दिवसांत जे समजले, जे चुकले आणि जे उपयोगी पडले, ते सांगावे म्हणून हा लेख. त्या शिबिरात शेकडो लोकांनी रक्त दिले. असा फोन आणखी कोणाला आला असेल आणि त्याने तो कापून टाकला असेल, तर त्याने हे जरूर वाचावे.

हा रोग कोणता?

आपल्याकडे यकृताच्या सगळ्याच दुखण्याला कावीळ म्हणायची पद्धत आहे. परंतु यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच असून त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी नावे आहेत. पावसाळ्यात वस्तीवर येणारी साथ बहुधा ए किंवा ई प्रकारची असते आणि ती घाण पाण्यातून पसरते. सी हा प्रकार पाण्यातून येत नाही. तो रक्तातून रक्तात जातो. हा विषाणू 1989 साली शोधला गेला आणि त्या कामाबद्दल तीन शास्त्रज्ञांना 2020 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

उसाला खोडवा खुंटण्याचा जो रोग होतो, तो आठवा. फडात उभे राहून तो ओळखता येत नाही. लागणीचा ऊस बरा दिसतो. रोग पसरतो कोयत्याच्या पात्यातून, रोगट उसाचा रस पात्याला लागून. खोडवा बसका राहिला म्हणजे मग आपण कपाळाला हात लावतो. हिपॅटायटिस सीचे काम तसेच आहे. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही, माणूस वीस-वीस वर्षे रोजची कामे करीत राहतो. जुना रोग अंगात राहिलेल्यांपैकी शंभरात 15 ते 30 जणांचे यकृत वीस वर्षांत निबर होते. त्यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात. पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली, म्हणजे मग धावाधाव होते. “दारूचा थेंब घेतला नाही, तरी लिव्हर कसं गेलं?” असे एका माळकरी सभासदाच्या घरी आम्ही पूर्वी ऐकले होते. त्या माणसाचे दुखणे काय होते ते आम्ही सांगू शकत नाही, पण त्या प्रश्नाचा अर्थ आता कळतो.

डॉक्टरांनी आम्हाला पहिला प्रश्न केला, “पूर्वी कधी रक्त भरले होते का?” भरले होते. 1994 साली, शाळेत असताना, उसाच्या गाडीखाली पाय सापडला होता. तेव्हा ऑपरेशन झाले आणि दोन बाटल्या रक्त चढले. त्या काळी रक्ताची या रोगासाठी तपासणी सक्तीची नव्हती. ती सक्ती आपल्या देशात या शतकाच्या सुरुवातीला आली. आमच्या अंगात हा विषाणू तिथूनच आला, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. पूर्वीच्या काचेच्या सिरिंज नीट न उकळता एकामागून एक वापरल्या जात, त्यातूनही तो पुष्कळांना लागला. जत्रेतले गोंदण, न्हाव्याचा जुना वस्तरा, नशेसाठी एकच सुई अनेकांनी वापरणे, नीट काळजी न घेता केलेले डायलिसिस हेही त्याचे मार्ग आहेत. तेव्हा ज्याला हा रोग निघेल त्याच्या चालचलणुकीविषयी कोणी कुजबुज करू नये.

पहिली चाचणी आणि दुसरी चाचणी

सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे आहे. फडातला ब्रिक्स आणि प्रयोगशाळेतला पोल यांतला फरक आपणांस माहीत आहे. रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकला, की रसात विरघळलेले एकूण किती आहे ते कळते. त्यात साखर किती, हे प्रयोगशाळेत पोल काढल्यावरच ठरते.

रक्तपेढीची पहिली चाचणी ब्रिक्ससारखी आहे. विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये ती पाहते. ती आढळली म्हणजे विषाणू कधीतरी अंगात येऊन गेला असावा. तो आज अंगात आहे की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. क्वचित ही चाचणी उगाचच रिॲक्टिव्ह येते. शिवाय ज्यांना लागण होते, त्यांच्यापैकी शंभरात 15 ते 45 जणांचे शरीर पहिल्या सहा महिन्यांत, कोणत्याही औषधाविना, विषाणूला बाहेर काढते. प्रतिद्रव्ये मात्र त्यांच्याही रक्तात राहतात.

म्हणून दुसरी चाचणी लागते. तिला एच.सी.व्ही. आर.एन.ए. म्हणतात, ही पीसीआर पद्धतीने होते व खुद्द विषाणू शोधते. तिच्यात विषाणू आढळला नाही, तर आज रोग नाही. आढळला, तर उपचार घ्यायचे. या अहवालात कधी कधी लाखांतला आकडा येतो आणि माणसाचे डोळे फिरतात. परंतु त्या आकड्यावरून यकृत किती बिघडले ते ठरत नाही. त्यासाठी एसजीपीटी, एसजीओटी, अल्ब्युमिन, प्लेटलेट, सोनोग्राफी आणि जरूर पडल्यास फायब्रोस्कॅन अशा निराळ्या तपासण्या आहेत. बी प्रकारच्या हिपॅटायटिसची तपासणीही सोबत करून घ्यावी लागते, कारण सीच्या औषधाने सी जाताना दबलेला बी उसळू शकतो.

थांबण्याचे दिवस

रक्त दिले आणि सांगण्यात आले, “आठ-दहा दिवस लागतील.” मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून शेतकऱ्याला “थांबा जरा, अहवाल येऊ द्या” असे आम्ही आजवर किती वेळा सांगितले असेल! थांबणे म्हणजे काय, ते आता कळले. दिवस तोडणी कार्यक्रमात निघून जाई. रात्री दोन वाजता डोक्यात भुंगा सुरू होई. मुलाची दहावी, सोसायटीचे कर्ज, विहिरीचे अर्धे राहिलेले काम, सगळे एकाच वेळी समोर येऊन उभे राही.

आमच्या हातून एक चूक झाली. पहिले तीन दिवस घरात काही सांगितले नाही. जेवताना मात्र आपोआप ताट-वाटी वेगळी घेऊ लागलो. हा रोग ताटातून जात नाही हे वाचलेले होते, तरी हात तसाच वागला. चौथ्या दिवशी सौ.नी ताट समोर धरले. म्हणाल्या, “वेगळं कशाला मांडलंय ते सांगा. नाहीतर मी याच ताटात जेवायला बसते.” सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे अजून नक्की काहीच नाही ना?” आमच्या तीन रात्रींच्या विचारापेक्षा हे एक वाक्य बरोबर होते. तेव्हा पहिली सूचना हीच, की घरातल्या एका तरी माणसाला पहिल्याच दिवशी सांगावे.

बाकीच्या सूचना अशा :

1. सर्व कागद एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावावेत. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्यावेत; समोर गेल्यावर आठवत नाहीत.

2. दारू पूर्ण बंद करावी. ‘थोडीशी चालते’ हे इथे लागू नाही. या विषाणूने सुजलेल्या यकृतावर दारू म्हणजे पेटत्या फडावर वारा.

3. झाडपाल्याचे औषध, नाकात टाकायचे थेंब, काविळीची माळ यांच्या नादी लागू नये. हाताला चुना लावून पिवळे पाणी उतरवून दाखवतात, त्याने रक्तातला विषाणू हलत नाही. काही झाडपाला तर यकृतालाच अपाय करतो. कोणतीही गोळी, अंगदुखीची सुद्धा, डॉक्टरांना विचारून घ्यावी.

4. हळद बंद, तेल बंद असा पथ्याचा जाच करून घेऊ नये. रोजचे घरचे जेवण चालते. मधुमेह किंवा इतर दुखणे असेल तर त्याचे पथ्य पाळावे. काविळीवर उसाचा रस देण्याची आपल्याकडे चाल आहे. रस हे अन्न आहे, औषध नाही. आम्ही उसाचे लोक असलो तरी एवढे खरे सांगितले पाहिजे. रस्त्यावरचा रस अस्वच्छ बर्फ घालून प्यायल्यास दुसरीच कावीळ गळ्यात पडायची.

घरात काय पाळावे?

एका बुजुर्ग सभासदांनी आम्हाला विचारले, “साहेब, शेजारी बसलं, एका तांब्यानं पाणी प्यालं तर?” आम्ही म्हणालो, “अण्णा, काही होत नाही.” एकत्र जेवण, मिठी, खोकला, डास, एकच संडास यांतून हा रोग पसरत नाही. नातवंडांना मांडीवर घ्यायला हरकत नाही.

रक्ताची तेवढी काळजी घ्यावी. दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश, नखे काढण्याचे यंत्र आपले आपण वापरावे. कोयता लागला, पाय कापला, तर जखम धुऊन झाकावी. सांडलेले रक्त हातात मोजे घालून ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने पुसावे. अहवाल स्पष्ट होईपर्यंत, आणि रोग निघाल्यास पुढेही, रक्तदान करू नये. पती-पत्नीमध्ये हा रोग क्वचित जातो, तथापि जोडीदाराने एकदा तपासून घेणे शहाणपणाचे. आईला रोग असेल तर मुलांचीही तपासणी करावी. बाळंतपणात तो शंभरात पाच-सहा मुलांना लागू शकतो.

आणि सर्वांसाठी एक गोष्ट. “सुई मारल्याशिवाय बरं वाटत नाही” हा हट्ट सोडावा. सुई घ्यावीच लागली तर नवी सिरिंज आपल्यासमोर फोडलेली पाहावी. न्हाव्याकडे दर वेळी नवे पाते मागावे. या रोगावर लस नाही.

औषधाविषयी

पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत, त्रास फार होई आणि सुमारे निम्मेच रोगी बरे होत. 2013 सालापासून सोफोसबुविर व त्याच्या जोडीची औषधे आली आणि चित्र पालटले. पुढे भारतीय कंपन्याही ही औषधे बनवू लागल्या व किमती उतरल्या. आज बहुतेकांना 12 आठवडे रोज तोंडाने गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरात 95 हून अधिक लोक बरे होतात. यकृत जास्त बिघडलेले असेल तर औषधाची जोडी किंवा मुदत बदलते. एकही दिवस गोळी चुकवायची नसते. हृदयाच्या वा पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी सांगाव्यात, कारण काहींचे या औषधांशी जमत नाही. औषध संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा आर.एन.ए. तपासतात, तेव्हा विषाणू नसला, की रोग बरा झाला. पहिली चाचणी मात्र पुढेही रिॲक्टिव्हच येत राहील, त्याने घाबरू नये. दूषित रक्त लागले तर रोग पुन्हा होऊ शकतो. ज्यांचे यकृत आधीच निबर झाले आहे, त्यांनी बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी.

खर्चाची भीती अनेकांना असते. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी व औषधे मोफत आहेत. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी.

शेवटी

हा मजकूर छापखान्यात देईपर्यंत आमचा अहवाल आलेला नाही. विषाणू नसेल तर उत्तम. असेल तर तीन महिने गोळ्या घेऊ आणि तोडणी कार्यक्रमही पाहू. एक गोष्ट मात्र मनाशी नक्की झाली आहे. शिबिरात रक्त दिले नसते, तर हा रोग अंगात असला तरी आणखी दहा वर्षे कळला नसता. म्हणून ज्यांनी 2002 पूर्वी कधी रक्त घेतले आहे, ज्यांचे मोठे ऑपरेशन झाले आहे, ज्यांनी जुन्या सिरिंजच्या सुया पुष्कळ घेतल्या आहेत, त्यांनी एकदा तपासून घ्यावे. आणि रक्तपेढीचा फोन आला तर उचलावा. एकट्याने जायला धीर होत नसेल तर गट कार्यालयात निरोप द्या. आम्ही बरोबर येऊ आणि गोष्ट बाहेर जाणार नाही.

पुढील अंकात : पाचट न जाळता खोडव्याची निगा.

— ऊस विकास अधिकारी