थंडीतील ड्रोन : बॅटरीच्या अंतरंगाचा एक पाठ

जुलै 2018 मध्ये काराकोरम पर्वतरांगेतील ब्रॉड पीक या आठ हजार मीटरहून उंच शिखरावर एकटेच चढाई करणारे स्कॉटिश गिर्यारोहक रिक ॲलन घसरून पडले आणि बेपत्ता झाले. ते जिवंत असतील ही आशा जवळजवळ मावळली होती. शेजारच्या के-टू शिखरावरून स्कीने उतरण्याच्या मोहिमेसाठी पोलंडचे आंद्रेय बार्गिएल त्या वेळी तेथे आले होते. त्यांचे बंधू बार्तेक यांच्यापाशी चित्रीकरणासाठी आणलेला, पाऊण किलोहून कमी वजनाचा मॅव्हिक प्रो ड्रोन होता. त्याच ड्रोनच्या कॅमेऱ्याने ॲलन यांचा ठावठिकाणा लावला आणि बचाव पथक त्यांच्यापर्यंत पोहोचले.

या ड्रोनसाठी निर्मात्याने सांगितलेली तापमानाची मर्यादा 0 ते 40 अंश सेल्सिअस होती, तर उंचीची मर्यादा समुद्रसपाटीपासून 5000 मीटर. त्या दिवशीचे उड्डाण या मर्यादांच्या पलीकडचे होते. त्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की माहितीपुस्तिकेतील आकडे केवळ उपचारापुरते असतात. आम्हांस तसे वाटत नाही. एका माणसाच्या प्राणांसाठी यंत्र पणाला लावणे निराळे आणि हौसेच्या छायाचित्रासाठी ते दरीत घालवणे निराळे. हिवाळ्यात लेह-मनालीकडे ड्रोन घेऊन जाणारे आपल्या वाचकांत काही असतील. थंडी नेमकी कोठे घाव घालते, हे त्यांनी समजून घेतलेले बरे.

तो घाव बॅटरीवर पडतो. ड्रोनच्या लिथियम बॅटरीत आयन एका अग्राकडून दुसऱ्या अग्राकडे द्रावातून प्रवास करतात. तापमान उतरले की तो द्राव दाट होतो, रासायनिक क्रिया मंदावते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. शाळेत शिकलेला ओहमचा नियम येथे आठवावा. समजा, एका घटाचे मूळ विभवांतर 3.8 व्होल्ट आहे, त्यातून 10 अँपिअर धारा वाहते आहे आणि अंतर्गत रोध 0.02 ओहम आहे. आतल्या आत 0.2 व्होल्ट खर्च होऊन मोटारींना 3.6 व्होल्ट मिळतील. थंडीने रोध तिप्पट झाला, तर 0.6 व्होल्ट आतच जिरतील आणि हाती 3.2 उरतील. घटात ऊर्जा आहे, परंतु ती बाहेर येऊ शकत नाही. विभवांतर ठरावीक पातळीखाली घसरताच ड्रोनमधील सुरक्षा-यंत्रणा बॅटरी संपली असे मानते व त्याला सक्तीने खाली उतरवू लागते. मग खाली मैदान असो वा गोठलेली नदी. पडद्यावर क्षणापूर्वी 40 टक्के दिसत होते, हे तेव्हा उपयोगी पडत नाही.

उंचीमुळे हे संकट दुणावते. लेहची उंची सुमारे 3500 मीटर. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्के असते. विरळ हवेत तेवढाच भार पेलण्यासाठी पाती अधिक वेगाने फिरवावी लागतात, मोटारी अधिक धारा ओढतात आणि ही वाढलेली धारा नेमकी त्या वाढलेल्या रोधातून जाते. गार हवा अधिक दाट असते, त्यामुळे थंडीत ड्रोन अधिक चांगला उडतो, असे सांगणारे भेटतात. समुद्रकिनारी ते काही अंशी खरे आहे, लडाखमध्ये नव्हे.

उपाय साधा आहे : बॅटरी ऊबदार ठेवावी. उड्डाणापूर्वी ती स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत असावी. 20 अंशांच्या वर असेल तर उत्तम. ड्रोन उचलल्यावर एक-दोन मिनिटे डोक्याइतक्या उंचीवर स्थिर ठेवावा. धारेने बॅटरी आतून तापते आणि तिची प्रकृतीही कळते. पहिल्याच क्षणी वेग पूर्ण देऊ नये. जाताना वारा समोरून असावा, म्हणजे परतीला तो साथ देतो. निम्मी बॅटरी उरताच परतावे. भ्रमणध्वनीही थंडीत अकस्मात बंद पडतो. त्याचीही ऊब राखावी.

धुके वा ओलसर ढग असल्यास उड्डाण करूच नये, कारण पात्यांवर बर्फाचा पातळ थर बसला की त्यांचा आकार बिघडतो व उचल घटते. ताज्या हिमाच्या एकसारख्या पांढऱ्या पृष्ठावर ड्रोनचे खाली पाहणारे संवेदकही फसतात. उतरण्यासाठी गडद रंगाची चटई अंथरावी. आणि सीमाभागात नियमांचे भान हवे : ड्रोन नियम, 2021 नुसार लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीविना उड्डाण करता येत नाही. डिजिटल स्कायवरील नकाशा निघण्यापूर्वीच पाहावा.

परतल्यावर ड्रोन लगेच तापलेल्या खोलीत उघडू नये. गार यंत्रावर खोलीतील बाष्प दवासारखे जमते आणि आतल्या मंडलांत शिरते. बंद पिशवीतच त्याला हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. बॅटरी तर मुळीच घाईने चार्जिंगला लावू नये. गोठणबिंदूखाली चार्ज केल्यास आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी धातुरूप लिथियम म्हणून वरच साचतात. त्याने क्षमता कायमची घटते आणि पुढे कधीतरी आतल्या आत शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते.