पिंपात चालते, खाडीत गुदमरते

प्रश्न: जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डचा कार्बोरेटर दुरुस्त केला. पिंपात इंजिन छान चालते, पण होडीला लावून खाडीत थ्रॉटल वाढवला की गुदमरते. दुरुस्ती चुकली का?

उत्तर: तसे लगेच म्हणता येणार नाही. पिंपातल्या चाचणीतून एवढेच कळते की इंजिन सुरू होते, आयडल धरते आणि थंडाव्याचे पाणी बाहेर फेकते. मंद गतीला पेट्रोल आयडलच्या बारीक मार्गातून येते. मुख्य जेटची परीक्षा पंख्यावर भार आल्यावरच होते, आणि पिंपातले फेसाळलेले पाणी तो भार देत नाही. म्हणून होडी धक्क्याला पुढून-मागून घट्ट बांधा, गिअर टाका आणि थ्रॉटल हळूहळू वाढवा. इंजिन गुदमरू लागताच पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबा. त्याने सावरले तर दोष बहुधा पंपात, नळीत किंवा टाकीच्या बंद हवाछिद्रात आहे; कार्बोरेटर उगाच पुन्हा खोलू नका. फुग्याने नाही, पण चोक किंचित ओढल्यावर सावरले, तर मुख्य जेट आणि फ्लोटची पातळी तपासा. दोन्हीने फरक पडला नाही तर स्पार्क आणि कॉम्प्रेशनकडे वळा.

‘थोडे गुदमरते, पण होडी जाते ना,’ असे कोणी म्हणेल. पण अशा जुन्या इंजिनांत ऑइल पेट्रोलातच मिसळलेले असते. पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते, उष्णता वाढते आणि शेवटी पिस्टन जाम होतो. मग खर्च जेटपुरता राहत नाही.